धुरी दिलेलं, खारवलेलं मांस : 'पारंपरिक' म्हणजे खरंच केमिकल-फ्री?

फावलावेळ
नमस्कार मंडळी. रिटायर झाल्यापासून मला एक नाद लागलाय, घरच्या घरी मांस खारवायचं आणि त्याला धुरी द्यायची. मागच्या अंगणात लोखंडी पिंप कापून स्वतःच स्मोकहाउस केलंय. बेकन, सॉसेज सगळं करून झालं, एकदा तर अख्खं हॅम (डुकराची खारवलेली मांडी) आठ महिने टांगलं होतं, घरातले नाक मुरडत होते पण शेवटी ताटलीत चाटून पुसून संपवलं त्यांनीच.

तर परवा भाची आली होती, तिने फूड सायन्स केलंय. बेकनचा तुकडा तोंडात टाकता टाकता म्हणते, "मामा, यात विकतच्यापेक्षा जास्त केमिकल्स असतील हं." आणि दुसरा तुकडा उचलला! मी उडालोच. अहो माणूस हजारो वर्षं मीठ, धूर आणि वारा या तीन गोष्टींवर मांस टिकवत आलाय. मीठ मी चोळतो, लाकूड माझं स्वतःचं फुकटचं, वारा देवाचा. मधे कंपनी कुठे आली? केमिकल येणार कुठून?

माझं स्पष्ट मत असं की हे सगळं फॅक्टरीवाल्यांचं पाप आहे आणि पारंपरिक पद्धत निर्धोक आहे. पटत नसेल तर सांगा, पण जरा समजेल असं सांगा.

वाचनमात्र
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पिपेट
भाचीला माझा सलाम सांगा. विशेषतः दुसरा तुकडा उचलल्याबद्दल.

काका, मी खाद्यपदार्थ तपासणाऱ्या लॅबमध्ये बरीच वर्षं काढलीत, म्हणून थोडं लांबण लावतो. धूर ही 'काहीतरी नैसर्गिक' गोष्ट असते आणि केमिकल बाटलीत असतं, इथेच सगळा घोळ आहे. लाकूड अर्धवट जळतं तेव्हा त्यातून शेकडो पदार्थ बाहेर पडतात. त्यातले फिनॉल्स म्हणजे तुमचा तो खमंग वास, आणि तेच मांस टिकवायलाही मदत करतात. पण त्याच धुरात पीएएच नावाची एक टोळी असते, पॉलिसायक्लिक अॅरोमॅटिक हायड्रोकार्बन्स. त्यातला म्होरक्या बेंझोपायरीन. हा तोच, जो डांबरात, सिगारेटच्या धुरात, गाडीच्या धुरात असतो. माणसाला कॅन्सर करतो हे सिद्ध झालेल्या पहिल्या गटात त्याचं नाव आहे.

१७७५ साली पर्सिव्हल पॉट नावाच्या लंडनच्या सर्जनने लिहून ठेवलं की धुराडी साफ करणाऱ्या पोरांना मोठेपणी वृषणाच्या पिशवीचा कॅन्सर होतो, काजळीमुळे. १९१५ मध्ये जपानात यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानाला महिनोन्महिने डांबर चोळून गाठी आणून दाखवल्या. आणि १९३३ मध्ये डांबरातून बेंझोपायरीन वेगळं काढलं. म्हणजे ही काल-परवा उठलेली आवई नाही.

युरोपात धुरी दिलेल्या मांसाला सप्टेंबर २०१४ पासून मर्यादा आहे, किलोमागे २ मायक्रोग्रॅम बेंझोपायरीन, आणि चार पीएएच मिळून १२. दोन मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचे ५ लाख भाग केले तर त्यातला एक. गंमत पुढे आहे. ही मर्यादा लावल्यावर ओरडा कुणी केला? पारंपरिकवाल्यांनी! आयर्लंड, स्पेन, पोर्तुगाल, पोलंड अशा काही देशांनी सांगितलं की आमच्या जुन्या पद्धतीच्या धुराड्यांना हे जमणारच नाही, मग तिथल्या तिथे विकल्या जाणाऱ्या काही मालाला जुनी सैल मर्यादा, म्हणजे ५ आणि ३०, चालू ठेवली. फॅक्टरीत धूर वेगळ्या यंत्रात तयार होतो, गार होतो, गाळला जातो. तुमच्या पिंपात मात्र मांसाच्या खालीच जाळ.

मीठमिरची
>> मांसाच्या खालीच जाळ
आणि त्यावर टपटप चरबी. काका बेकन करतायत का मशाल?

फावलावेळ
@पिपेट, बाप रे. पण माझ्या पिंपात जाळ नसतो हो, नुसता धूर. आणि पिंप मोठं आहे. तरी प्रश्न राहतोच, आपले पूर्वज हेच खाऊन जगले की.

अर्धवट_ज्ञानी
जगले ना, चाळिशीपर्यंत. त्यांना कॅन्सर होण्याआधी दुसरंच काहीतरी उचलून न्यायचं.

जहाजी
अर्धवटराव, नावाला जागलात. आयुर्मानाची सरासरी बालमृत्यूंमुळे खाली असायची, जे वाढले ते म्हातारेही व्हायचे. पण मुद्दा अर्धा बरोबर आहे, मांस खारवायचं ते आज पोट भरावं म्हणून, तीस वर्षांनी काय होईल हा विचारच नव्हता.

मी बारा वर्षं जहाजावर गॅलीत काढली, स्वयंपाकी म्हणून. रोज सकाळी अडीच-तीन डझन माणसांचं बेकन. तेव्हा कुणी हे सांगितलं नव्हतं. काकांना एक विचारतो, लाकूड कुठलं वापरता? पाइन वगैरे राळ असलेलं असेल तर धूर कडू लागतो आणि काजळी जास्त धरते. मी बघितलेले सगळे जुने लोक ओक, बीच, सफरचंद असलं कडक लाकूड घ्यायचे.

स्वाती_क
धूर झाला, आता नायट्राइटबद्दल कुणीतरी बोला. मुलीच्या डब्यात हॅम सँडविच देते मी आठवड्यातून दोनदा. पाकिटावर ई २५० लिहिलेलं असतं, म्हणजे तेच नायट्राइट. मागे 'नो अॅडेड नायट्राइट' वालं पाकीट मिळालं, महाग होतं तरी घेतलं. बरोबर केलं ना?

पिपेट
स्वातीताई, त्या महागड्या पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत 'सेलरी पावडर' किंवा 'भाजीचा अर्क' असं लिहिलंय का बघा बरं.

स्वाती_क
आहे!!! सेलरी ज्यूस पावडर. चवीसाठी असेल असं वाटलं होतं.

पिपेट
सेलरीत, पालकात, बीटमध्ये नायट्रेट भरपूर असतं. त्याचा अर्क काढायचा, त्यात जिवाणू सोडायचे, ते नायट्रेटचं नायट्राइट करतात, आणि ते मांसात घालायचं. मांसाला कळत नाही की हे भाजीतून आलंय की पोत्यातून, रेणू तोच. फरक लेबलात आणि तुमच्या पर्समध्ये.

मीठमिरची
हे म्हणजे सासूबाईंना नाही म्हणायचं आणि नवऱ्याच्या आईला हो.

डॉ_फुरसतीत
हाहा. नायट्राइट नक्की करतं काय, ते सांगतो, कारण इथे दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धंच सांगितलं जातं.

आधी त्याची चांगली बाजू. बोट्युलिझम, म्हणजे खराब झालेल्या अन्नातल्या जंतूच्या विषाने माणूस लुळा पडतो तो आजार, हा शब्दच मुळी लॅटिन 'बोटुलस' म्हणजे सॉसेज यावरून आलाय. १८२०च्या सुमारास युस्टिनस केर्नर या जर्मन डॉक्टरने (हा कवीही होता) सॉसेज खाऊन लुळे पडून मेलेल्या लोकांच्या नोंदी गोळा केल्या. मग १८९५ साली बेल्जियममधल्या एलझेल नावाच्या खेड्यात एका अंत्ययात्रेत वाजवायला आलेल्या वादकांनी खारवलेलं हॅम खाल्लं, ३४ जण होते, त्यातले तिघे गेले. व्हॅन एरमेंगेम या प्राध्यापकाने त्या हॅममधून आणि मृताच्या शरीरातून तो जंतू शोधून काढला. हवा नसलेली जागा, मीठ पुरेसं न पोचलेली, थोडी ऊब, एवढं त्याला पुरतं. हॅमच्या आत हाडाजवळ हे सगळं आयतं मिळतं. नायट्राइट त्याला वाढू देत नाही. म्हणून 'ते विष घालतात' असं म्हणताना हेही लक्षात ठेवा की ते दुसऱ्या, कितीतरी जास्त जालीम विषासाठी घातलेलं आहे.

आता वाईट बाजू. नायट्राइट आणि प्रथिनांच्या तुकड्यांतली अमाइन्स एकत्र आली की नायट्रोसमाइन्स तयार होतात, थोडी पदार्थात, थोडी आपल्या पोटात. १९५६ मध्ये मॅगी आणि बार्न्स यांनी दाखवलं की त्यातलं एक, एनडीएमए, उंदरांच्या यकृतात गाठी करतं. पुढे नॉर्वेत मेंढ्या आणि मिंक (फरसाठी पाळतात तो प्राणी) यकृत बिघडून मरायला लागले. शोधलं तर त्यांच्या खाद्यातलं हेरिंग माशाचं पीठ नायट्राइट घालून टिकवलेलं निघालं. तिथून सगळ्यांचे डोळे बेकनकडे वळले.

अर्धवट_ज्ञानी
पण मग पालकाच्या भाजीनेही कॅन्सर व्हायला हवा. पोटात गेल्यावर नायट्रेट ते नायट्रेट.

डॉ_फुरसतीत
प्रश्न चांगला आहे, या वेळी नावाला जागला नाहीत. आहारातलं बहुतेक नायट्रेट भाज्यांतूनच येतं हे खरं. पण भाजीत सोबत क जीवनसत्त्व आणि पॉलीफिनॉल्स असतात, ते ही प्रक्रिया अडवतात. मांसात त्याउलट अमाइन्स तयार असतात आणि हीमचं, म्हणजे रक्ता-मांसातल्या लाल रंगद्रव्याचं, लोह असतं, ते तिला आणखी चालना देतं. म्हणूनच अमेरिकेत १९७८ मध्ये बेकनसाठी नियम केला की नायट्राइट १२० पीपीएम (दहा लाख भागांत १२०) आणि सोबत ५५० पीपीएम अॅस्कॉर्बेट (क जीवनसत्त्वाचंच रूप) किंवा त्याचा भाऊ एरिथॉर्बेट. पाकिटावर ते नाव दिसलं की लोक दचकतात, खरं तर त्या यादीतला तोच आपल्या बाजूचा.

जहाजी
डॉक्टर, करपवण्याबद्दल पण सांगा ना, माझा तो अपराधगंड आहे. निम्म्या लोकांना बेकन काळं कुरकुरीत लागायचं.

डॉ_फुरसतीत
तो गंड बाळगा थोडा. कच्च्या बेकनमध्ये नायट्रोसोपायरोलिडीन (त्याच नायट्रोसमाइन्समधलं एक) जवळजवळ नसतंच, ते तव्यावर तयार होतं, आणि जितकं कडक तळाल तितकं जास्त. मांसाच्या भागापेक्षा चरबीत आणि पॅनमध्ये सुटलेल्या तुपात... म्हणजे चरबीत जास्त. काही भाग वाफेबरोबर उडतो म्हणजे तो तुमच्या नाकात. मंद आचेवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये केलेल्या बेकनमध्ये कमी सापडतं.

जहाजी
बारा वर्षं. रोज. एक्झॉस्ट फॅन कधी चालायचा कधी नाही. ठीक आहे.

मीठमिरची
जहाजीभाऊ काळजी नको, तुम्ही आता आतून टिकाऊ झाला असाल.

स्वाती_क
मला एवढंच सांगा डबा बंद करू की नको. व्हॉट्सॅपवर येतं की हॅम आणि सिगारेट सारखंच, डब्ल्यूएचओ ने सांगितलंय.

पिपेट
डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं. खारवलेलं, धुरी दिलेलं, आंबवलेलं सगळं त्यात आलं. काका ऐकताय ना, 'पारंपरिक' वगळून असं कुठेही लिहिलेलं नाही. त्या गटात तंबाखूही आहे. पण गट म्हणजे पुराव्याची खात्री किती, धोका किती मोठा ते नव्हे. साप आणि कुत्रा दोघंही चावतात हे शंभर टक्के खरं, म्हणून दोघांचं चावणं सारखं नसतं.

आकडा असा की रोज ५० ग्रॅम खाल्लं तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. हे १८ टक्के मूळ धोक्याच्या वर. समजा १०० जणांत ६ जणांना आयुष्यभरात हा कॅन्सर होणार असेल, तर रोज ५० ग्रॅम खाणाऱ्या १०० जणांत ७ होतील. त्याच वेळी आयएआरसीने जे अंदाज पुढे ठेवले होते त्यात जगभरात वर्षाला कॅन्सरचे सुमारे ३४ हजार मृत्यू प्रक्रिया केलेल्या मांसाच्या खात्यावर, आणि तंबाखूच्या खात्यावर १० लाख. व्हॉट्सॅपवाले पहिलं वाक्य फॉरवर्ड करतात आणि हे गिळतात.

स्वाती_क
मग आठवड्यातून एकदा करते. आणि महागडं पाकीट बंद. धन्यवाद दोघांनाही.

वाचनमात्र
वाचनखूण साठवली. पॉपकॉर्नमध्ये काय असतं ते कृपया कुणी सांगू नका.

निवांत_बुरशी
माझ्या नावावरून कळलंच असेल मी कशासाठी आले. फावलावेळ यांनी आठ महिने हॅम टांगलं होतं म्हणे, त्यावर बुरशी कुठल्या रंगाची आली होती?

फावलावेळ
पांढरी, थोडी हिरवी, एका बाजूला काळपट. फडक्याने पुसून टाकली. तीच तर चव आणते असं ऐकलंय.

निवांत_बुरशी
पांढरी पिठूळ असेल तर बहुधा ठीक, सलामी नावाच्या सॉसेजवर मुद्दाम लावतात ती पेनिसिलियम नाल्जिओव्हेन्स तशीच दिसते. पण हिरव्यांमध्ये पेनिसिलियम नॉर्डिकम नावाची एक असते, तिला खारट आणि प्रथिनवाली जागा फार आवडते, आणि ती ऑक्राटॉक्सिन ए सोडते. हे मूत्रपिंडाला घातक असतं. फडक्याने बुरशी जाते, विष वरच्या थरात मुरलेलं असतं, आणि शिजवून फारसं हटत नाही. इटलीत डुकराच्या मांसासाठी किलोला १ मायक्रोग्रॅम अशी मर्यादा ठरवलेली आहे, ती उगाच नाही. रंग बघून कुठली बुरशी हे मलाही सांगता येत नाही, आणि माझं कामच ते आहे. म्हणून हिरवी-काळी दिसली तर तेवढा भाग सुरीने जाडसर छिलून काढायचा, आणि खूप असेल तर सरळ टाकायचं. तापमान आणि ओल ताब्यात ठेवणं हा खरा उपाय. मुद्दाम चांगली बुरशी आधी पेरली की ती वाईट बुरशीला जागा देत नाही, सरकारी बाकावर रुमाल टाकून ठेवतात तसं.

डॉ_फुरसतीत
अवांतर पण महत्त्वाचं : डिप्रेशनसाठी एमएओ इनहिबिटर जातीची जुनी औषधं कुणी घेत असेल तर मुरवलेलं मांस आणि मुरवलेलं चीज बंद. त्यात टायरामीन साठतं आणि त्या औषधासोबत बीपी झपकन चढतं. हे भविष्यातलं नाही, त्याच जेवणात होतं.

अर्धवट_ज्ञानी
मी तर म्हणतो नायट्राइट बिट्राइट काही नको, नुसतं मीठ घाला. इटलीतलं पार्मा हॅम नुसत्या मिठाचं असतं. संपला विषय.

पिपेट
ते खरं आहे, पार्मावाल्यांनी १९९३ पासून नायट्रेट-नायट्राइट पूर्ण बंद केलं. नायट्राइटने येतो तसा लाल रंगही येतो, पण वेगळ्या वाटेने, हीममधल्या लोहाच्या जागी जस्त बसतं. पण त्यांचं हॅम मीठ आतपर्यंत पोचेपर्यंत कित्येक आठवडे कडक थंडीत असतं, नंतर वर्षभर मुरतं, आणि दर टप्प्याला अनुभवी माणूस हाडाची सुई टोचून वास घेतो. तुमच्या घरी कोण वास घेणार? सॉसेज तर आणखी नाजूक, दळलेलं असल्याने बाहेरचे जंतू आत जातात.

तरी तुमच्या बाजूने एक. फ्रान्सच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२२ मध्ये सांगितलं की नायट्राइट कमी करा, कॅन्सरशी संबंध पक्का दिसतोय, आणि युरोपने २०२३ मध्ये केलेला नवा नियम ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला, त्यात मर्यादा खाली आणल्या. खाली आणल्या, शून्य नाही केल्या. का ते वर डॉक्टरांनी सांगितलंय.

जहाजी
काका, तुम्ही नायट्राइट वापरता का? आणि लाकडाचं उत्तर राहिलं.

फावलावेळ
वापरत नाही म्हणणार होतो, पण आत्ता डबा उघडून बघितला. मी 'क्युअरिंग सॉल्ट' वापरतो, गुलाबी रंगाचं. ते मीठच आहे ना? एका युरोपियन पुस्तकात किलोला २५ ग्रॅम लिहिलं होतं. मागच्या बॅचला तेवढंच घालायचं होतं, पण डब्यात थोडंच शिल्लक होतं म्हणून उरलेलं साधं मीठ घातलं.

पिपेट
काका, डब्यावर टक्केवारी किती लिहिलीय? आत्ता, लगेच.

फावलावेळ
६.२५.

पिपेट
देवा. सगळ्यांनी वाचा हे, कारण ही चूक खूप सहज होते.

एकाच नावाने दोन वेगळी मिठं विकली जातात. युरोपात नायट्राइट मिठात नायट्राइट अर्धा टक्क्याच्या आसपास असतं, म्हणून तिथली पुस्तकं बिनधास्त किलोला २५ ग्रॅम सांगतात. हिशोब करा, २५ ग्रॅमचा अर्धा टक्का म्हणजे १२५ मिलिग्रॅम, म्हणजे १२५ पीपीएम. अमेरिकन पद्धतीच्या गुलाबी मिठात ६.२५ टक्के असतं, ते किलोला फक्त अडीच ग्रॅम घालायचं, की १५६ पीपीएम होतं, आणि उरलेलं साधं मीठ. तेच जर २५ ग्रॅम घातलं तर १,५६० पीपीएम. दहापट. हे तीस वर्षांनंतरचं कॅन्सर-बिन्सर नाही, हे त्याच संध्याकाळी ओठ निळे पडून हॉस्पिटल. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं.

गुलाबी रंग मुद्दाम दिलेला असतो, साध्या मिठात गल्लत होऊ नये म्हणून. पण आता लोक सैंधवाला पण 'पिंक सॉल्ट' म्हणतात त्यामुळे तो बिचारा रंगच गोंधळ घालायला लागलाय.

मीठमिरची
म्हणजे डब्यात मीठ संपलं होतं म्हणून काका वाचले. आळस जिंदाबाद, वाण्याकडे न जाणं जिंदाबाद.

फावलावेळ
हात थरथरतायत खरंच. डब्यात चमचाभरच होतं. नवीन आणलेला सीलबंद डबा समोर आहे, त्यावर मार्करने कवटी काढली आणि लिहिलं, '१ किलो = २.५ ग्रॅम, काट्यावर मोजून'. चमच्याने घालणं बंद. भाचीला फोन केला, ती म्हणाली "मामा मी गमतीत म्हटलं होतं." मग म्हणाली, "नाही, तसं गमतीतही नव्हतं."

तर आता मी हट्ट सोडला. केमिकल पारंपरिक पद्धतीतही येतं, आणि मोजायची सवय नसेल तर जास्तच येतं. धुराचं काय करू ते सांगा.

पिपेट
कोडेक्सने, म्हणजे अन्नाचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या संस्थेने, २००९ मध्ये धुरी आणि वाळवण यातले पीएएच कसे कमी करायचे यावर आख्खी मार्गदर्शिकाच काढली आहे, त्यातलं घरी जमेल ते सांगतो. जाळ वेगळ्या डब्यात, मांस वेगळ्या पिंपात, मधे लांब पाइप, म्हणजे धूर गार होतो आणि काजळी पाइपातच बसते. लाकूड धुमसू द्या, भडकू देऊ नका, कारण ४०० अंशांच्या पुढे तापमान चढत जातं तसं बेंझोपायरीनही वाढत जातं. खाली चरबी पडणार नाही असा ट्रे. धुरी जरुरीपुरतीच, काळं कुळकुळीत होईपर्यंत नको. पिंप आणि पाइप अधूनमधून खरवडून साफ करायचं. आणि सॉसेजचं आवरण सोलून खा, पीएएच बरेचसे वरच्या थरात अडकतात.

जहाजी
आणि लाकूड!! तिसऱ्यांदा विचारतोय. काका प्रत्येक वेळी हे गाळतायत. फुकटचं कुठून मिळतं?

फावलावेळ
अहो गाळत नाही, त्यात सांगण्यासारखं काही नाही म्हणून. जुन्या कुंपणाचे खांब आहेत. वीस-पंचवीस वर्षं पावसात उभे होते पण एक कीड नाही की सड नाही, इतकं अस्सल लाकूड. नवीन कुंपण घातलं तेव्हा कापून ठेवले, ढीगभर आहेत. कापल्यावर आत हलकी हिरवी झाक दिसते, त्यावरून मला वाटतं काहीतरी भारी जात असावी.

जहाजी
😳

निवांत_बुरशी
कीड लागत नाही. सडत नाही. हिरवी झाक. काका बसा जरा.

पिपेट
ती जात नाही, ते क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक आहे. अशा खांबांना दाब देऊन क्रोमेटेड कॉपर आर्सेनेट मुरवायचे, हिरवट छटा त्यातल्याच तांब्याची-क्रोमियमची. अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती वापरासाठी ते थांबवलं, पण तुमचे खांब त्याच्या आधीचे दिसतात. शंभर टक्के तेच असेल असं फोटोशिवाय, तपासणीशिवाय मी म्हणणार नाही, पण तेच समजून वागा. पीएएच वगैरे वर मी जे लिहिलं ते सगळं आता विसरा, त्यावर नंतर बोलू.

जाळल्यावर आर्सेनिक नष्ट होत नाही, ते मूलद्रव्य आहे, जाईल कुठे. थोडं धुरात, बहुतेक राखेत. १९८४ साली जामा या वैद्यकीय नियतकालिकात विस्कॉन्सिनमधल्या एका कुटुंबाची हकीकत आली होती, ते असलंच लाकूड घरातल्या शेगडीत जाळायचे. केस गळायचे, अंगावर पुरळ, स्नायूंना पेटके, आणि दर उन्हाळ्यात सगळे बरे व्हायचे, कारण शेगडी बंद! कळायलाच तीन हिवाळे गेले.

डॉ_फुरसतीत
काका, घाबरून जाऊ नका पण उद्याच डॉक्टरांकडे जा आणि हे सगळं असंच्या असं सांगा. लघवीची आर्सेनिक तपासणी करतात, ती अलीकडच्या काही दिवसांतलं दाखवते, म्हणून उशीर नको. त्याआधी तीन-चार दिवस मासे खाल्ले असतील तर तेही सांगा, माशांतलं निरुपद्रवी आर्सेनिक आकडा फुगवतं. हातापायाला मुंग्या, तळहाताची कातडी जाड होणं असं काही?

फावलावेळ
तसं काही नाही. धुरी महिन्यातून एकदाच देतो, आणि खाणारे आम्ही तिघं. उद्या सकाळीच जातो. फ्रिजमधलं सगळं आत्ता पिशवीत बांधून बाजूला काढलं, साडेतीन किलो बेकन, मला रडायला आलं. बायको मागे उभी राहून हा धागा वाचतेय आणि काही बोलत नाहीये.

मीठमिरची
काही न बोलणं हे आर्सेनिकपेक्षा वाईट लक्षण आहे.

जहाजी
बेकन टाकून द्या, कुत्र्या-मांजरालाही नको. आणि खांब जाळू नका, कुणाला सरपणाला देऊही नका, घातक कचरा जिथे घेतात तिथे द्या. पिंपही नवीन घ्या, आतल्या काजळीत ते बसलेलं असणार.

फावलावेळ
हो. नवीन पिंप, वेगळा जाळाचा डबा, सफरचंदाचं लाकूड विकत. सगळं लिहून घेतलंय.

निवांत_बुरशी
राखेचं काय केलंत आजवर?

फावलावेळ
वाया कशाला घालवायची म्हणून गुलाबांना घातली.

निवांत_बुरशी
गुलाब ठीक आहे, खात नाही आपण. माती मात्र तपासून घ्या, हातमोजे घाला. फक्त गुलाबांनाच ना?

फावलावेळ
टोमॅटोंनाही.